घरातली शांतता

शूटिंग संपलं की रिकाम्या खोलीची नुसती शांतताही रेकॉर्ड करावी लागते. संवादांमधल्या फटी पुढे एडिटिंगमध्ये त्या शांततेनेच बुजवायच्या असतात. बँकेतली कायमची नोकरी सोडून फिल्म करायला निघालेल्या मला हे नव्यानेच कळलेलं. म्हणून काल सकाळी आमच्याच हॉलमध्ये माइक लावला आणि श्वास रोखून बसलो.

कामाच्या दिवशी, ऐन अकरा वाजता, हे घर मी कधी ऐकलंच नव्हतं. फ्रीजची घरघर, खिडकीत घुमणारं कबुतर, वरच्या मजल्यावरचा कुकर. सगळे आपापल्या कामाला निघून गेले की मागे एवढंच उरत असावं. आता त्यात मीही.

नंतर हेडफोन लावून ऐकलं, तर त्या शांततेच्या तळाशी आई सापडली. दाराबाहेर शेजारच्या काकूंना ती दबक्या आवाजात सांगत होती, "नाही हो, नोकरी कशाला सोडेल? रजा घेतलीय थोडी."

राजीनामा दिला तेव्हा उन्हाळा होता. आता स्वेटर निघालेत.

जेवताना तिने विचारलं, "मघाशी मी बाहेर बोलत होते रे. आवाज नाही ना आला त्यात?"

"छे," मी म्हटलं, "काहीच नाही आलं."