मोहाच्या तेलावर भोंगऱ्या: बहिणीची जीप आणि माझी पोटदुखी

सुरुवातीलाच सांगून टाकते, ही सहल मी निसर्गासाठी केली नाही. धाकट्या बहिणीची जीप बघावी आणि तिच्यात काही खोट सापडते का ते पाहावं, एवढाच हेतू होता. वंदी नंदुरबारला तेलाचा घाणा चालवते. दोन वर्षांपूर्वी तिने एक जुनी डिझेल जीप घेतली आणि मोहाच्या बियांच्या तेलावर पळवायला लागली. तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नात विषय एकच. मी हप्त्यांवर नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेतली तर मावशी म्हणाली, "छान आहे हो. पण वंदीच्या जीपचं ऐकलंस का?"

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, प्रत्येक पाडा आपला ढोल घेऊन तिथे नाचायला येतो. वंदीचा फोन आला, "ताई, औंदा भोंगऱ्याले ये. आपुन जीपवर जासूत." मी लगेच हो म्हटलं.

नाशिकहून सकाळी सहाला निघाले. धुळ्याला चार्जरवर तासभर थांबले. इलेक्ट्रिक गाडीने येणार असाल तर चार्जिंग इथेच पूर्ण करून घ्या, कारण पुढे दोंडाईचा रस्त्यावर मला तरी भरवशाचा चार्जर दिसला नाही. जेवायचं घरून आणलेलं असेल तर उत्तम, नाहीतर ढाब्यावर शेवभाजी आहेच. तीही चांगलीच तिखट. दुपारी वंदीच्या गल्लीत शिरले तेव्हा शेजारचे किराणावाले शेठ दुकानातून बाहेर आले. मला वाटलं, माझी गाडी बघायला आले. ते तिला वळसा घालून जीपपाशी गेले आणि म्हणाले, "वंदनाबेन, पहाडात चाललात ना? गुळाच्या दोन भेल्या पोचवाल?"

वर घाटात माझ्या गाडीचा चार्ज पुरणार नाही, हे मलाही कळत होतं. तिला वंदीच्या अंगणात प्लगला लावून ठेवलं. पाहुणीसारखी भिंतीकडे तोंड करून ती बसून राहिली आणि मी जीपमध्ये चढले. जीपला कढत तेलाचा, किंचित कडवट वास येतो. पहिली दहा मिनिटं डोकं चढतं, मग सवय होते.

प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडून शहादा, तिथून म्हसावद. तोवर रस्ता सरळ आणि चांगला, दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी. म्हसावदला चहा-भजी घ्या, पुढे घाटात काही मिळत नाही. याच टप्प्यात वंदीने मला जीपचं तंत्र समजावलं. टाक्या दोन. जीप डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की पायाजवळचा पितळी कॉक फिरवून तेलावर घ्यायची. बंद करायच्या आधी मात्र कॉक उलटा फिरवून पाच मिनिटं पुन्हा डिझेलवर चालवायची, म्हणजे नळ्यांमधलं तेल निघून जातं. नाहीतर ते आतच राहतं, आणि मोहाचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं.

"ताई, गाडी बंद कराना पयले माले याद करी देजो. लोके दिसनात का मी इसरी जास."

लोक दिसले की ही सगळं विसरते, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी मान डोलावली. म्हसावदला चहाच्या आधी मी आठवण करून दिली होती, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

घाट उभा आहे, वळणं आंधळी आहेत, हॉर्न वाजवत राहा. ही जुनी जीप न कुरकुरता चढत होती आणि मी मनातल्या मनात कुरकुरत होते. हिला हे सगळं कधी जमलं? शाळेत गणितात पहिली मी यायचे, स्कूटर आधी मी शिकले. आई मात्र शेवटची चार वर्षं तिच्याकडे राहिली, आणि फोनवर मला सांगायची ते वंदीचेच पराक्रम.

धडगावच्या अलीकडे एका पाड्यावर मुक्काम होता. वंदी इथूनच मोहाच्या बिया विकत घेते आणि तिनेच इथल्या बायकांना तेल काढायचं छोटं यंत्र आणून दिलंय. जीप दिसताच बायका धावत आल्या. सगळ्यात पुढे रुमलीबाई. ही पाड्यावरची सगळ्यात म्हातारी, गुडघे गेलेले, पण भोंगऱ्यात पाड्याचा ढोल पोचला की नाचाचं पहिलं पाऊल तीच टाकते. तिने खिडकीतून हात घालून वंदीचे दोन्ही गाल धरले. इंजिन चालूच होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण?"

"मन्ही मोठी बहीण."

रुमलीबाई हसली. मोडक्या मराठीत म्हणाली, "तुला बहीण आहे? कधी बोलली नाही तू."

वंदी हसत हसत काहीतरी उत्तर देत होती आणि तिचा हात किल्लीकडे गेला. कॉक तेलावर होता. मला स्वच्छ दिसत होता. मी तोंड उघडलंसुद्धा, आणि मूग गिळून बसले. दोन वर्षं वंदी इथे येते, गाल धरून घेते, आणि हिला मी आठवत नाही! जीप बंद झाली. उद्या थोडी खोकेल, लोक जरा हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. देवाशपथ एवढंच.

संध्याकाळ व्हायच्या आत टाकी भरायचा कार्यक्रम झाला. असं इंधन भरणं मी आजवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाड्याचा मोठा ढोल आणि रुमलीबाई जीपमधून बाजारात जायची होती, म्हणून प्रत्येक घरातून एकेक लोटा तेल आलं. जुन्या लुगड्याचं फडकं चौघडी करून नरसाळ्यावर बांधलेलं. ओतणारीने ओतायचं आणि बाजूला होऊन दुसरीला जागा द्यायची. वंदी कोपरापर्यंत तेलात. एका घरात तेल कमी होतं, त्या बाईने अर्धाच लोटा आणला आणि लाजली, तर वंदीने तिलाच शेवटचं झाकण लावायला दिलं. हे असं सुचतं कसं हिला? मी पेट्रोल पंपावर काच खाली करून आकडा सांगणारी बाई, आता तर तेही नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, लाल मिरचीची चटणी. जेवताना सांगावं असं दोनदा वाटलं. नाही सांगितलं.

सकाळी पहाडात भलताच गारठा होता. ढोल मागे चढवला, रुमलीबाई चांदीचे दागिने घालून पुढे बसली. वंदीने किल्ली फिरवली. जीप नुसती घरघरली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तिने बॉनेट उघडून नळी काढली तर आत पांढरंफटक तेल, घट्ट.

"मी इसरी गवू," ती कपाळावर हात मारत म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून माझीच बाजू घेत म्हणाली, "ताईनी सांगं व्हई. गर्दीमा मीच आयकं नही."

कोणीतरी म्हणालं, गाडीला नजर लागली. एका बाईने मीठ-मिरच्या आणल्या, जीपवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका सगळ्यांना आला, मला सगळ्यात जास्त.

ढोल थांबवून चालणार नव्हतं. ज्या पाड्याचा ढोल पोचत नाही त्याने दुसऱ्याच्या ढोलामागे नाचायचं, आणि तो कमीपणा वर्षभर ऐकावा लागतो, असं मला तिथे सांगितलं. चौघांनी ढोल खांद्यावर घेतला आणि बाजारापर्यंतची चौदा किलोमीटरची वाट धरली. बाकीचे मागोमाग गेले. रुमलीबाई जीपमध्येच बसून राहिली. तिला चालणं शक्य नव्हतं.

वंदी नळ्यांना फडकी गुंडाळून वर गरम पाणी ओतत होती. मी चुलीवरून पातेली आणत होते. तिसऱ्या पातेल्याला मी म्हटलं, "वंदी, मी तुला सांगितलं नव्हतं. मला कॉक दिसत होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या रिकाम्या पातेल्याकडे.

"पानी लई ये," एवढंच म्हणाली. मी चौथं पातेलं आणायला गेले.

अकराला जीप सुरू झाली. बाजारात पोचलो तेव्हा तो ऐन रंगात होता. रंगीत फेटे, बासऱ्या, गोडी शेव आणि साखरेच्या हारांची दुकानं. जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत पोचा, गाडी गावाबाहेर लावा, आणि फोटो विचारून काढा. आमचा ढोल पोचला होता. नाच सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि पहिलं पाऊल दुसऱ्याच एका बाईने टाकलं होतं. रुमलीबाई मला धरून खाली उतरली, कडेला उभी राहिली आणि टाळ्या वाजवत राहिली. मला तिने गोडी शेव घेऊन दिली. मी पुडी तशीच पर्समध्ये ठेवली.

परतीच्या वाटेवर वंदी तेलाच्या भावाबद्दल बोलली, पावसाबद्दल बोलली. थांबायच्या आधी प्रत्येक वेळी तिने कॉक स्वतःच फिरवला.

आता नाशिकला येऊन पंधरा दिवस झाले. सहलीचा खर्च म्हणाल तर फारसा नाही, रस्ता म्हणाल तर घाट सोडून सोपा. काल धीर करून वंदीला फोन लावला आणि विचारलं, पुढच्या वर्षी येऊ का?

ती म्हणाली, "ये ना, ताई. पन म्होरे रुमलीबाई बसई. ती आठवण करई माले. तू मांगे बसजो."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. शिक्षा योग्य आहे, थोडक्यात सुटले, हे सगळं मला कळतं. तरी खरं लिहायचं तर, फोन ठेवल्याक्षणी मला त्या म्हातारीचा हेवाच वाटला.