अकरा भाषणं आणि एक किल्ली

कादंबरी लिहिताय ना? मग सांगा, तुमच्या नायिकेला पाहिजे काय?

लोह्याच्या तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्या काकांनी मला हे विचारलं. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिकेची अकरा भाषणं होती, गोष्ट नव्हती. एका दाखल्याच्या अर्जासाठी गेलो होतो, तर काकांनी माझ्या पिशवीतलं हस्तलिखित मागून घेतलं, पेन कानावर अडकवला आणि अंगठा ओला करत पानं उलटली.

“भैया, भाषणं लई झाली. अर्ज तीनच तऱ्हेचे असतात. हरवलं ते शोधा, अडवलं ते सोडवा, नाकारलं ते द्या. हिचा कोणता?”

“माणसं अशी साच्यात बसत नसतात!” मी तडकलो.

ते खुशीत हसले. “साचा एकच हाय, माणूस न्हाई. सकाळी एक बाई अडवलेली वाट मागत होती, म्हशीसाठी. आता हे बाजूला बसलेले पाव्हणे मागून राहिले, पोरीच्या शाळेसाठी. मागणी तीच, पण मला दोन अर्ज लिहावे लागले की.”

मी म्हणालो, “तिला गावच्या वाचनालयाची किल्ली पाहिजे. सरपंचानं कुलूप घातलंय.”

“हां! आता निघाली गोष्ट. दहा भाषणं काढ. एक राहू दे, गोष्टीला राग बी लागतो.”

तरी कादंबरी लिहिणाऱ्यांना विनंती की, आज नवं पान लिहू नका. तुमच्या नायिकेच्या वतीनं दोन ओळींचा अर्ज लिहा: काय पाहिजे आणि कशासाठी.