अवसेची राखण

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर गवंडी म्हणून मी तेलुगू मुलखातून आलो, तेव्हा मला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तेलुगूचीही मोजकीच येत होती. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. जवळच्या मच्छीमारांच्या गावात खोली घेतली. बायको तान्ह्या पोरीला घेऊन महिन्याभरात येणार होती, आणि भात नसेल तर तिला जेवल्यासारखं वाटत नाही. तांदळाला रेशनकार्ड हवं, कार्डाला रहिवासाचा दाखला, दाखल्यावर सरपंचांची सही. पूर्वी अशा कामाला पालघर गाठावं लागे म्हणत. आता कारभार गावातच आला होता. मला केवढा धीर आला.

आमच्याकडे अवसेला गवंडी थापीला हात लावत नाही, सगळे घरी सापडतात. इथंही तसंच असेल म्हणून मी अवसेची सुट्टी मागून घेतली, धुतलेला शर्ट घातला आणि पंचायतीच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. दाराला कुलूप. शेजारी एक म्हातारी बोंबील सुकत घालत होती. ती काहीतरी म्हणाली, मी मान डोलावली आणि दुपारपर्यंत तसाच उभा. मग दिवस चांगला म्हणून पुनवेला गेलो. तेच कुलूप, तीच मावशी, फक्त आता ती हसत होती. माझं तोंड पाहून तिनं समुद्राकडे बोट दाखवलं, आणि रेतीत काडीनं अर्धा चंद्र काढला.

तो चंद्र मला बांधकामावरच्या एकानं हिंदीत उलगडून सांगितला. अवस-पुनवेला पाण्याला ओढ असते, जाळी भरतात. तेव्हा सरपंचासकट अख्खी पंचायत समुद्रात. अष्टमीला पाणी मंद, होड्या काठाला, तेव्हा कारभार. चार गावं सांभाळणारा ग्रामसेवकही तेव्हाच येई.

अष्टमीला बायको यायला आठवडा राहिला होता, आणि कानावर पडून मला थोडी मराठी कळू लागली होती. सरपंच ओट्यावर जाळं शिवत बसले होते. ग्रामसेवकानं अर्ज पाहिला, मला पाहिलं, आणि विचारलं, याला गावात ओळखतं कोण? मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीचा मालक तर गुजरातला गेलेला.

मावशी बोंबलांमधूनच म्हणाली, "हा आमचाच हाय. गावात कोन नाय तेवा पंचायत हाच राखतो."

ओटा हसला. सरपंचांनी विचारलं, "अवसेला कशाला येतोस रे?" मी मोडक्या हिंदीत आमच्या गवंड्यांची रीत सांगितली. ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडं समुद्र नाय वाटतं." आमच्या गावाला नाही म्हटलं. त्यांनी सुई खाली ठेवली, हात लुंगीला पुसले आणि माझ्यासारखीच एकेक अक्षर जुळवत सही केली.

बोईसरला गाडीतून उतरलेल्या बायकोला मी आधी कार्ड दाखवलं, मग पोरीला घेतलं. पहिल्या भाताचं ताट मावशीला नेऊन दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि विचारलं, "येत्या अवसेला राखनीला येशील ना?"