तळ्यावरचं कापड

औषधाच्या कारखान्यामागच्या उथळ तळ्याची राखण करणाऱ्याला सगळे तळेवाला म्हणत. गोळ्या करताना उरलेलं पाणी त्या तळ्यात यायचं, काही दिवस उन्हात पडून राहायचं आणि मग ओढ्याला जाऊन मिळायचं. पाणी पिवळट, वर चिकट फेस, आणि वास असा की घास घशाखाली उतरू नये. कितीही साबण लावला तरी तो वास तळेवाल्याच्या अंगाचा जात नसे.

एकदा पाहुणे येणार म्हणून मॅनेजरने तळ्यावर जाड काळं कापड ताणून बसवलं. "ती घाण दिसायला नको," म्हणाला. पाहुणे आले, जेवले, गेले. कापड राहिलं.

पाणी तपासायला येणाऱ्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. "कुणाचं हे डोकं? पाण्यातलं हे दुखण्यावरचं औषध उन्हानेच मोडत होतं. आता जेवढं आत येतंय तेवढंच ओढ्यात जातंय."

"म्हणजे आधी पाणी चांगलं व्हायचं?" तळेवाल्याने विचारलं.

"चांगलं कसलं डोंबलाचं! पण औषधाचे तुकडे तरी व्हायचे."

तळेवाल्याने हे मॅनेजरच्या कानावर घातलं. तो दात काढून हसला. "नवं कापड आहे, फाटेपर्यंत राहू दे." त्या हसण्याची तळेवाल्याला किळस आली, पण तो तळ्याकडे परतला.

ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याची ताई राहायची. तिची विहीर ओढ्याला लागूनच. सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे चहा ठरलेला. आता कप ओठांशी नेला की त्याला तळ्यावरचं कापड आठवायचं. दोन-तीनदा त्याने कप तसाच ठेवला, तेव्हा ताई भडकली.

"माझ्या हातचं नकोसं झालंय का रे? की बायकोने शपथ घातलीय?"

"तसं नाही गं."

"मग कसं? सांग, नाहीतर या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस."

त्याने सगळं सांगितलं. ताईने पातेलं मोरीत उपडं केलं.

"म्हणजे तू कप बाजूला सारायचास आणि मी तुझ्यासमोर बसून प्यायचे! शी! पाण्यापेक्षा तुझीच शिसारी येते मला."

तो तडक तळ्यावर गेला आणि कापडाच्या दोऱ्या सोडू लागला. आत कोंडलेला वास भपकन अंगावर आला. तो ओकला, त्याने तोंड पुसलं आणि पुढच्या गाठीला हात घातला.

फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "अरे, वेड लागलंय का? साहेबांना फोन लावतो!"

"लाव," तळेवाला म्हणाला, "पण आधी हे टोक धर."