विजेत्यांच्या बाकावरचं एक वर्ष

सलग तीन वर्षं आम्ही राज्य स्पर्धेचा अंतिम सामना एकाच संघाकडून हरलो. तो संघ पुण्याचा, खेळाडूंना नोकरी देऊन बास्केटबॉल खेळायला ठेवणारा. आम्ही औरंगाबादच्या, सिमेंटच्या मैदानावर सराव करणाऱ्या. आमच्यातल्या निम्म्या जणी शेंद्र्याच्या कारखान्यातली पाळी संपवून यायच्या. तिसऱ्यांदा हरलो तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. नोकरी देतो म्हणाले, आणि विजेतेपदही.

मी सत्तावीस वर्षांची होते. गुडघा कुरकुरायला लागला होता. पुंडलिकनगरात घरी येणारा प्रत्येक जण 'यंदा तरी जिंकलात का?' विचारायचा. मला त्या प्रश्नाचा वीट आला होता. घरचे सगळे जा म्हणाले. मी गेले.

तिथं लाकडी मैदान होतं, नवे बूट होते, पण मी बहुतेक वेळ बाकावर. त्यांना मी कशासाठी हवी होते, ते अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी कळलं. समोर माझाच जुना संघ होता. प्रशिक्षकांनी फळ्यावर मैदान आखलं, खडू माझ्या हातात दिला आणि एकेकीचे कच्चे दुवे लिहायला सांगितले. आमची कप्तान चेंडू घेऊन डावीकडूनच घुसायची. उजव्या खांद्याचं जुनं दुखणं तिनं फक्त मला सांगितलं होतं. मी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिला डावीकडं वाटच मिळाली नाही. दर वेळी दोघी आधीच उभ्या. आम्ही सहज जिंकलो. मी दोनच मिनिटं खेळले, तरी गळ्यात पदक पडलं, फोटो निघाले. हात मिळवायच्या रांगेत कप्तान माझ्यासमोर आली.

"खांद्याचं तू सांगितलंस?"

"व्हय."

ती पुढच्या मुलीकडं सरकली.

महिन्याभरात मी राजीनामा दिला. प्रशिक्षकांना कळेचना. मोठमोठे खेळाडूसुद्धा जिंकणाऱ्या संघाकडंच जातात, असं त्यांनी समजावलं. जात असतील. मी त्यांना नावं ठेवत नाही. जिंकलंच पाहिजे हे ओझं काय असतं, ते मला ठाऊक आहे. पण माझ्या डोक्यावर ते लोकांनी ठेवलं होतं, आणि उतरवायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"पुन्हा पदक मिळणार नाही तुला," ते म्हणाले.

"नाय मिळालं तर नाय."

परत मैदानावर गेले तेव्हा कुणी स्वागत केलं नाही. मी कप्तानची माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि मला राखीव मुलींत उभं केलं. दोन महिने मी तिथंच होते, कुरबुर न करता. एका संध्याकाळी तिनं चेंडू माझ्याकडं फेकला. "उजवीकडून घुसायला शिकतेय. अडव मला."

पुढं चार वर्षं आम्ही एकत्र खेळलो. राज्य स्पर्धा एकदाही जिंकलो नाही. एकदा तर उपांत्य फेरीच्या आधीच गारद झालो. अजून वेरूळला मावशीकडं लग्नकार्याला गेलं की कुणीतरी म्हणतंच, पुण्यात टिकली असतीस तर किती पदकं झाली असती. लई झाली असती, मी सांगते. मग विषय बदलू देत नाही. त्या हरलेल्या चार वर्षांतला एकेक सामना त्यांना ऐकवायला बसते.