वडाखालचं कुजबुजतं इन्स्पेक्शन

मूर्तीसाहेबांनी हातोडी उचलली, तेवढ्यात गावचे पटेल मुनेगौडा पुढे आले आणि हळूच म्हणाले, "स्वल्प हळू मारा, सार. वरची मंडळी झोपलीत."

हातोडी म्हणजे आमच्या जंगलखात्याची मार्किंग हॅमर. झाड तोडायचं ठरलं की बुंध्याची थोडी साल तासायची आणि तिथे ही मारायची. तिच्या तोंडावरचा खात्याचा शिक्का लाकडात उमटतो. शिक्का नसेल तर झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही. एकदा उमटला की झाड गेलंच समजा. साहेब डी.एफ.ओ., म्हणजे जिल्ह्याच्या जंगलाचे मुख्य अधिकारी. मी त्यांच्या हाताखालचा रेंजर. पन्नासचं दशक सरत आलं होतं. जागा देवनहळ्ळीच्या रस्त्यालगतची, सरकारी जमिनीतले तीन जुने वड. पहिल्याची साल तासून झाली होती. आणि वरची मंडळी म्हणजे शेकडो वटवाघळं. दिवसभर उलटं टांगून झोपायच्या त्यांच्या ठरलेल्या जागेला आम्ही रूस्ट म्हणतो. गावाच्या भाषेत अड्डा.

तक्रार नंजप्पांची होती. त्यांचा द्राक्षांचा मळा जवळच होता. अंधार पडला की वाघळं मळ्यावर तुटून पडतात, तेव्हा झाडंच काढा, असा त्यांचा अर्ज. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून जातीने हजर होते.

मला झाडं जावीत असं वाटत नव्हतं, पण बोलायला तोंड नव्हतं. रस्त्याच्या कडेला हिप्पेची झाडं लावायचं काम माझ्याकडे होतं. हिप्पे म्हणजे आपल्या मोहाचा दक्षिणेकडचा भाऊ. दोन वर्षं हेब्बाळच्या नर्सरीत आम्ही बी पेरत होतो आणि दोन्ही वर्षं वाफे माझ्या टकलासारखे राहिले. यंदाही रोपं आली नाहीत तर मलेरियाच्या रेंजला बदली, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. घरी आई आणि बायको या दोघींचं कधी नव्हे ते एका गोष्टीवर एकमत झालं होतं. बंगलोर सोडायचं नाही. जायचंच असेल तर मी एकट्याने जावं.

साहेबांचा आवाज खात्यात प्रसिद्ध होता. ते नर्सरीत कुणावर डाफरले की शेजारच्या तळ्यावरचे बगळे उडत. पटेलांचं बोलणं ऐकून त्यांनी मान वर केली आणि गरजण्यासाठी तोंड उघडलं.

"वर बघताना तोंड मिटा, सार," पटेल नम्रपणे म्हणाले.

कारण लक्षात येताच साहेबांचं तोंड खटकन मिटलं. त्यानंतर जे काही बोलणं झालं ते सगळं कुजबुजत झालं. माझी खरडपट्टीसुद्धा. दोन वर्षांच्या रिकाम्या वाफ्यांचा हिशेब त्यांनी माझ्या कानाशी येऊन मागितला. इतक्या प्रेमळ आवाजात मला पुन्हा कुणी झापलेलं नाही.

एवढ्यात वळणावरून वरात आली. नादस्वर, म्हणजे तिकडची सनई, आणि ढोल जोरात चालू होते. वडांच्या सावलीशी पोचताच वाजंत्री गप्प झाले. नवरानवरी, व्याही, विहिणी, सगळी वरात चोरपावलांनी निघाली. एका मावशीने नवऱ्या मुलाच्या करकरत्या जोड्यांकडे असं पाहिलं की त्याने ते काढून हातात घेतले. शेवटचा वड मागे पडला आणि ढोल दुप्पट जोराने कडाडला.

"हा काय प्रकार?" साहेबांनी विचारलं. अर्थात कुजबुजत.

पटेलांनी सांगितलं. वाघळं डोंगरातल्या हिप्पेची फळं तोंडात धरून आणतात, गर खातात आणि बी इथे टाकतात. बायका सकाळी झाडून बी गोळा करतात. देवळातला दिवा त्याच्याच तेलावर जळतो. वाघळं बिथरून दुसरीकडे गेली तर डोंगरात झाडाझाडाखाली बी वेचत कोण फिरणार? म्हणून वरात असो की प्रेतयात्रा, इथे कुणी वाजवत नाही.

साहेब खाली बघू लागले. मग बसलेच, पांढऱ्या पॅन्टची पर्वा न करता. केरसुणी पोचली नव्हती त्या कडेला, ओल्या पाचोळ्यातून, हिप्पेची कोवळी रोपं दाटीवाटीने वर आली होती. मी दोन वर्षं ज्यांची वाट पाहिली ती इथे फुकटात डोलत होती. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. ओरडता येत नव्हतं म्हणून मी पटेलांचा हात दाबला.

"तुम्ही बी पेरण्याआधी काय करता?" साहेब.

"कडक उन्हात वाळवतो, सर. सर्क्युलरप्रमाणे."

सर्क्युलर साहेबांच्याच सहीचं होतं. सागासाठी काढलेला नियम त्यांनी सरसकट सगळ्या बियांना लावला होता. त्यांनी एक ताजं बी उचलून फोडलं, आतला तेलकट गर बोटांनी चुरला.

"हे ओलंच पेरायला हवं, राव. वाळलं की मेलं." मग आणखी हळू, "ते सर्क्युलर बदलू आपण."

"आणि माझ्या द्राक्षांचं काय?" नंजप्पा मोठ्यांदा म्हणाले. बी वेचणाऱ्या बायका एकदम वळल्या आणि सगळ्यांनी मिळून त्यांना "श्श" केलं. ते ओशाळून हसले. पण त्यांचं नुकसान खरंच होतं. साहेबांनी हेब्बाळच्या कोळ्यांकडून जुनी जाळी मिळवून दिली, ती मांडवावर ताणून बसवली आणि मळा वाचला.

हातोडी जीपमध्ये परत गेली. बी त्याच आठवड्यात ओलं पेरलं. वाफे असे भरले की आईने मारुतीला नारळ फोडायचं ठरवलं. मी म्हटलं, तो वडाखाली फोड, फक्त आवाज करू नकोस.

ती रोपं पुढच्या पावसाळ्यात रस्त्याकडेला लागली. माझी बदली झाली नाही. साहेब त्या बाजूला आले की वडापाशी जीप थांबवून मिनिटभर वर बघत. तासलेली साल हळूहळू भरून आली.

नोकरीत नंतर पुष्कळ रेंजर माझ्या हाताखाली शिकले. प्रत्येकाला मी एवढंच शिकवलं. हातोडी मारण्याआधी झाडाच्या खाली बघा, मग वर बघा. वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा. बाकीचं खातं शिकवेल.