सरांच्या बजेटमधला कॉम्प्युटर

ज्या सरांसाठी मी चार महिने कॉम्प्युटरचे भाग निवडत होते, ते सर अस्तित्वातच नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच त्यांची वाट बघायला नको.

मी नाशिकच्या एका अनुदानित शाळेत हेडक्लार्क आहे. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी जर्मनीत नोकरी करते. सिडकोतल्या दोन खोल्यांत मी आणि फ्रिज असे दोघं राहतो, आणि दोघांत फ्रिज जास्त बोलतो. मुलीचा फोन दर रविवारी संध्याकाळी यायचा. जेवलीस का, गोळ्या वेळेवर घेतेस ना, तिकडे थंडी किती, भाजी काय केलीस. सात मिनिटं. आठवं मिनिट क्वचित लागायचं, कारण तेवढ्यात ती म्हणायची, "आई, ठेवते हं, सगळे ऑनलाइन आलेत."

सगळे म्हणजे तिची कॉलेजातली मंडळी. एक बंगळूरला, एक पुण्यात, एक दुबईला. ही मंडळी रविवारी तीन-तीन तास एकत्र गेम खेळायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? आईला सात मिनिटं आणि त्या टोळक्याला तीन तास! एकदा तिने फोन ठेवला, पण नीट बंद केला नाही. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ती कुणालातरी ओरडत होती, "अरे मागे बघ, मागे!" आणि मग हसायला लागली. बाबा होते तेव्हा ती घरात अशी हसायची. मी गॅस बंद केला आणि चोरासारखी फोन कानाला लावून बसले. त्या दिवशी ठरवलं, ही इकडे येत नाही ना, मग आपण तिकडे जायचं. तिच्या त्या गेममध्ये. तिला न सांगता एक दिवस हजर व्हायचं.

घरातला लॅपटॉप नवऱ्याचा. तो विजेचं बिल भरायलाही पाच मिनिटं घेतो. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात गेले.

"बोला मावशी, प्रिंटरची शाई हवीये का?" दुकानदाराने विचारलं.

"गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय."

त्याने मला चपलेपासून वर न्याहाळलं. "मुलासाठी का?"

आमच्या वयाच्या बायकांना स्वतःसाठी काही मागता येत नाही. येवल्याला पैठणी बघायला गेलो तरी दुकानात शिरताना आधी सांगतो, जावेसाठी बघतोय. मग तीच पैठणी आरशासमोर स्वतःच्या खांद्यावर टाकून बघतो. तीच सवय तोंडातून बाहेर आली. "आमच्या शाळेत एक सर आलेत, त्यांना हवाय. त्यांना वेळ नसतो."

"सरांचं बजेट काय?"

"चाळीस हजार."

"चाळीसमध्ये ऑफिसवर्क होईल मावशी. गेमिंग म्हटलं की साठ तरी धरा. सरांना सांगा, रॅमच किती महाग झालीये."

सर बिचारे गप्प बसले. मी मात्र शाळेत खडूचे खोके घ्यायचे असले तरी तीन कोटेशनं मागवणारी बाई. दोन शनिवारांत तीन दुकानांची कोटेशनं आणली, उभ्या-आडव्या रेघा मारून तुलनात्मक तक्ता केला, आणि नियमाप्रमाणे सगळ्यात कमी दराच्या दुकानावर खूण केली. त्यातलं मला निम्मं कळत नव्हतं. पण तक्ता इतका देखणा झाला होता की कुठल्याही ऑडिटरने मान डोलावली असती.

रविवारी फोन आला. सहाव्या मिनिटाला मी सहज विचारल्यासारखं केलं. "अगं, आमच्याकडे एक विज्ञानाचे सर आलेत नवीन. त्यांना गेमचा कॉम्प्युटर करायचाय. मला म्हणाले, तुमच्या मुलीला यातलं कळतं ना? मी तुला यादी पाठवू का?"

पाठवली. पलीकडून किंचाळीच आली. "आई! हा प्रोसेसर स्वतः चित्र दाखवत नाही, आणि यात ग्राफिक्स कार्डच नाहीये! सर बटण दाबतील, पंखा फिरेल, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील. सरांना सांग, स्वस्त बघून सही करू नका."

"सांगते," मी म्हटलं.

मग ती सुटलीच. चाळीस हजारात काय वाचवायचं आणि काय नाही. कॅबिनेट साधं चालेल, काच आणि रंगीत दिवे नकोत, ते दुकानदाराच्या फायद्याचे. वीजपुरवठ्याचा डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात, तो मात्र हलका घ्यायचा नाही, एखाद दिवशी सगळ्यांना घेऊन जळतो. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्या, पण दुकानातच अर्धा तास चालवून बघा. रॅमची एकच पट्टी घ्या आणि शेजारची जागा रिकामी ठेवा, पैसे आले की दुसरी लावता येते. मी शाळेतल्या जुन्या हजेरीच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून घेत होते. फोन ठेवला तेव्हा घड्याळात बघितलं. एक तास दहा मिनिटं. कुकर लावायचा राहून गेला होता आणि मला भूकही नव्हती.

पुढच्या रविवारी तिनेच विचारलं, "सर काय म्हणाले?"

आता सरांना काहीतरी म्हणणं भाग होतं. सर म्हणाले, प्रोसेसर बदलतो. सर म्हणाले, सेकंडहँड कार्डाची भीती वाटते. सरांना मी पाथर्डी फाट्याला भाड्याची खोली दिली, बिनसाखरेचा चहा दिला. एकटे असतात, हेही एका रविवारी सांगून टाकलं, कारण तिने विचारलं आणि दुसरं काही सुचलं नाही.

"पण सर खेळणार काय?" ती म्हणाली. "त्यावरून कार्ड ठरतं ना."

"दोघांना मिळून खेळता येईल असं काहीतरी, म्हणाले."

"दोघांना? दुसरं कोण?"

मी अडखळले. "ते मी विचारलं नाही बाई."

ती हसली. मला वाटलं माझ्या अडाणीपणाला हसली.

खरं तर तिसऱ्या महिन्यापर्यंत मला सगळं कळायला लागलं होतं. कुठला प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डावर बसतो हे मी त्या कॅनडा कॉर्नरच्या दुकानदाराला सांगू शकले असते, आणि एकदा सांगितलंही. तिच्यापुढे मात्र मी ढ होते. कळलेलं पुन्हा विचारायचे. यादी पक्की होत आली की सरांचं मन बदलायचं. रॅमचे भाव तेव्हा रोज चढत होते. माझं माहेर नामपूरचं, कांद्याच्या बाजाराचं गाव. भाव चढत असताना विकणारा थांबतो, हे मी लहानपणापासून बघितलंय. घेणारा थांबलेला कधी बघितला नव्हता. मी थांबत होते. दुकानदार म्हणायचा, "मावशी, आज घ्या, उद्या आणखी वाढेल," आणि मला आतून बरं वाटायचं. आणखी एक रविवार मिळाला. मला कॉम्प्युटर नकोच होता त्या दिवसांत. मला तिचा आवाज हवा होता, तासभर, माझ्या कानात. बाकीचे सहा दिवस मी त्याच तासावर काढत होते.

मग एका बुधवारी भर दुपारी तिचा फोन आला. मी ऑफिसात शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर शिक्के मारत होते. बुधवारी ती कधी फोन करत नसे.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस. मी मार्चमध्ये कायमची परत यायचं ठरवलं होतं. पुण्यात नोकरीही बघत होते. तुला सांगितलं नव्हतं."

मी शिक्का खाली ठेवला.

"तू एकटी आहेस म्हणून," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आपण इथे मजा करतोय आणि आई तिकडे भिंतीकडे बघत बसली असेल. पण आता मला तसं नाही वाटत. आई, मला कळतं हं सगळं. दर रविवारी तू सरांसाठी एवढं विचारतेस. बाबांनंतर तू कुणासाठी एवढी धडपडलेली मी बघितली नाही. मला खरंच खूप आवडलंय. इथे तीन वर्षांचं काँट्रॅक्ट देतायत. उद्या सही करायचीये. करू ना?"

एक वाक्य पुरलं असतं. अगं, सर वगैरे कोणी नाहीत. चार-पाच शब्द, आणि मार्चमध्ये ती दारात बॅग घेऊन उभी राहिली असती. ते शब्द जिभेवर आले होते, हे मी कबूल करते. पण तिचा आवाज इतका हलका झाला होता. तीन वर्षं ही पोर मला पाठीवर घेऊन फिरत होती आणि मला पत्ता नव्हता. मी तिच्या सात मिनिटांवर रुसून बसले होते.

"तुला तिथे आवडतं का?" मी विचारलं.

"खूप."

"मग कर सही."

"आणि सर?"

"सर काय म्हणणार? बरं झालं म्हणतील."

फोन ठेवून मी उरलेल्या दाखल्यांवर शिक्के मारले. दोन उलटे पडले. शिपाईमामांनी विचारलं, मॅडम, बरं नाही का? मी म्हटलं, पंख्याने डोकं धरलंय.

त्या शनिवारी मी यादीतलं सगळं घेतलं. भाव करायचं त्राण नव्हतं. दुकानदाराने कॉम्प्युटर जोडून दिला, वर माऊस फुकट दिला आणि म्हणाला, "सरांना सांगा, मस्त कॉम्बिनेशन बसवलंय तुम्ही." बेचाळीस हजार झाले. रिक्षात मी तो खोका मांडीवर घेऊन बसले. घरी देवघराशेजारच्या टेबलावर मांडला, सवयीने हळदकुंकू लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला. दाखवायला घरात कोणी नव्हतं.

मुलीला सांगितलं, सरांचा कॉम्प्युटर झाला. ती खूश झाली. "मग त्यांना म्हणावं रविवारी माझ्याशी खेळा. मी शिकवते. सोपा गेम आहे, जंगलात घर बांधायचं, लाकडं तोडायची. माझा आयडी पाठव त्यांना."

नाही म्हणता आलं असतं. पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते समोर चालून आलं होतं, फक्त मला मी म्हणून जाता येत नव्हतं. आठवडाभर मी सराव केला. झाडाऐवजी स्वतःच्याच झोपडीवर कुऱ्हाड घातली, दोनदा तळ्यात बुडाले. रविवारी पाच वाजता हेडफोन लावून बसले. सरांकडे माइक नाही, असं आधीच कळवून ठेवलं होतं. सर टाईप करणार होते.

"नमस्कार सर!" कानात तिचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. मी टाईप केलं, नमस्कार.

तासभर आम्ही लाकडं तोडली. ती पुढे धावायची आणि मागे वळून माझ्यासाठी थांबायची. मी खड्ड्यात पडले की हसायची, तेच हसू, आणि या वेळी ते माझ्यासाठी होतं. म्हणजे सरांसाठी. भिंती उभ्या राहिल्या. छपराचं काम चालू असताना ती एकदम थांबली.

"सर, एक विचारू? आई तुमच्याशी बाबांबद्दल बोलते का?"

मी दोन अक्षरं टाईप केली आणि पुसली.

"माझ्याशी नाही बोलत," ती म्हणाली. "मी विचारायचं ठरवून फोन करते आणि भाजी काय केलीस एवढंच विचारते. भीती वाटते, ती रडायला लागली तर मी इतक्या लांबून काय करू? म्हणून लवकर ठेवते. तुमच्याशी बोलत असेल तर बरं आहे."

मी चष्मा पुसला. अक्षरं शोधून शोधून टाईप केलं, बोलते.

"थँक यू सर," ती म्हणाली. ती नाक ओढत होती. लहानपणी ओढायची तशीच. "आत्ता कुठे आहे ती?"

मी टाईप केलं, इथेच बसली आहे.

"हो? मग आज मी तिला फोन नाही करत," ती म्हणाली. "तुम्ही दोघं बसा निवांत."